प्रिझमच्या वेष्टणातली तबकडी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३च्या मार्चमध्ये आला आणि तेव्हापासून तो एल्पीवर नव्याने निघतच राहिला आहे. या अल्बमच्या नव्या-जुन्या प्रतींबद्दल आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग सगळ्यांनाच होईल, ती या वेळी घेतली आहेत.

पहिलीच एल्पी घेतो आहे. दुकानात याच अल्बमच्या चार निरनिराळ्या प्रती आहेत. एक साधी काळी, एक पारदर्शक, एक भलीमोठी पेटी आणि एक जुनी वापरलेली. किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणती घेऊ?
– एक वाचक, नाशिक

साधी काळी घ्या, पण ती २०१६ची असल्याची खात्री करून. त्या आवृत्तीचं मास्टरिंग, म्हणजे छपाईआधीचं आवाजाचं शेवटचं काम, जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांनी मूळ ॲनालॉग टेपवरून केलं आहे. पहिल्या प्रतीत असायचे तसे पोस्टर आणि स्टिकरही आत आहेत. पहिल्या खरेदीला याहून जास्त काही लागत नाही.

पारदर्शक प्रत २०२४ची. तिच्यात दोन तबकड्या आहेत आणि दोन्हींची एकेकच बाजू वाजते. मागच्या बाजूला यूव्ही छपाईने चित्र काढलेलं आहे. दिसायला ती देखणी आहेच. चित्राच्या बाजूवर मात्र चुकूनही सुई टेकवू नका. तिथे खाचच नाही, त्यामुळे सुई सपाट पृष्ठभागावरून सरळ आत घसरत जाते आणि टोक दुखावतं. पेटी २०२३ची, पन्नासाव्या वर्षाची. तिच्यात अल्बमखेरीज १९७४चा वेम्ब्लीचा कार्यक्रम, ब्लू-रे आणि पुस्तकं आहेत. ज्याला फक्त ही दहा गाणी ऐकायची आहेत, त्याचे बरेचसे पैसे त्या पेटीत गाण्यांवर खर्च होत नाहीत.

वापरलेली प्रत २००३ची, म्हणजे डग सॅक्स आणि केविन ग्रे यांच्या हातून गेलेली तिसाव्या वर्षाची आवृत्ती असेल, तर तिचा जरूर विचार करा. आवाजाला ती उत्तम आहे. पण वापरलेली तबकडी वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये, मग नाव कितीही मोठं असो.

ऑनलाइन बाजारात लाल, संगमरवरी, धुरकट अशा रंगांच्या ‘मर्यादित’ प्रती दिसतात, त्यांपासून जपून. त्यांतल्या कित्येक चोरछापाच्या असतात आणि सीडीवरून कोरलेल्या असतात. वेष्टणावरच्या चित्राच्या कडा पुसट, कण्यावरची अक्षरं जाड आणि शेवटच्या कोऱ्या पट्टीवरचा क्रमांक लेबलाशी न जुळणारा, अशी प्रत हातात आली तर परत ठेवा.

१८० ग्रॅमची तबकडी चांगली वाजते असं सगळे सांगतात. खरं आहे का? – एक वाचक, पुणे

नाही. साधी तबकडी साधारण १२० ते १४० ग्रॅमची असते आणि खाचेची खोली दोन्हींत सारखीच. जाड तबकडीत जास्तीचं प्लास्टिक खाचेखाली पडून राहतं, आवाजाशी त्याचा संबंध नाही. जाड तबकडी टर्नटेबलवर जरा स्थिर बसते आणि हाताळताना लवत नाही, एवढा फायदा मान्य. पण साच्यातून काढल्यावर नीट थंड होऊ दिली नाही, तर १८० ग्रॅमचीही ताटलीसारखी वाकते.

जाड तबकडीमुळे सुईचा कोन बिघडतो अशी दुसरी भीती असते. नऊ इंची टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, मागचं टोक जवळजवळ ४ मिलिमीटर वर-खाली केलं, तर कोनात एका अंशाचा फरक पडतो. तबकड्यांच्या जाडीतला फरक एक मिलिमीटरसुद्धा नसतो. त्यासाठी दर वेळी आर्म हलवत बसू नका.

जुन्या बाजारात ब्रिटिश छापाची एक प्रत मिळाली. विकणारा ‘पहिला छाप’ म्हणतो. ओळखायचं कसं? – एक वाचक, मुंबई

वेष्टण बाजूला ठेवा. वेष्टणं बदलली जातात. तबकडी हातात घ्या.

आधी लेबल पाहा. ग्रामोफोन कंपनीच्या हार्वेस्ट या शाखेचा एसएचव्हीएल ८०४ हा क्रमांक हवा, आणि मधला त्रिकोण पूर्ण निळ्या रंगाने भरलेला हवा. नंतरच्या छापांत त्रिकोणाची नुसती बाह्यरेषा उरली. मग तबकडी खिडकीपाशी न्या आणि उजेड तिरपा पडेल अशी धरा. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलाच्या अलीकडे जी चकचकीत कोरी पट्टी असते, तिच्यावर क्रमांक उमटवलेला दिसेल. एका बाजूला ए-२ आणि दुसऱ्या बाजूला बी-२ असेल, तर विकणाऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे.

त्याच पट्टीवर आणखी एक खूण असते. क्रमांक तळाशी, घड्याळातल्या सहाच्या जागी धरला, तर नऊच्या जागी एखादा आकडा आणि तीनच्या जागी एक-दोन रोमन अक्षरं दिसतात. ही ग्रामोफोन कंपनीची सांकेतिक लिपी आहे. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरं, म्हणजे ‘ग्रामोफ एलटीडी’, अनुक्रमे १ ते ९ आणि शेवटी ० अशी वाचायची. ‘जीओ’ दिसलं तर १५, ‘आरएम’ दिसलं तर २४. हा स्टॅम्परचा, म्हणजे ज्या धातूच्या साच्याने तबकडी दाबली त्याचा क्रमांक. डावीकडचा आकडा त्या साच्याच्या आईचा.

‘आई’ हा शब्द कारखान्यातलाच आहे. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ लेप असतो आणि त्यावर हिरा किंवा माणकाच्या टोकाने खाच कोरतात. तिच्यावर चांदीचा फवारा मारून निकेल चढवतात आणि तो निकेल सोलून काढला की ‘बाप’ मिळतो. बापापासून ‘आई’ आणि आईपासून स्टॅम्पर. एका आईपासून पुष्कळ स्टॅम्पर निघतात आणि दर स्टॅम्पर हजाराच्या आसपास तबकड्यांनंतर थकत जातो. म्हणून लहान आकडा म्हणजे साखळीत आधी निघालेली तबकडी. पण आकडा पाच असलेली खरवडलेली प्रत आणि आकडा ऐंशी असलेली जपलेली प्रत यांत ऐकायला दुसरीच घ्यावी. आकडा संग्राहकाला, खाच कानाला.

‘एक्लिप्स’मध्ये समूहस्वर चढत जातो तसा आवाज फाटतो. तबकडी नवीन आहे. बदलून आणली, दुसरीही तशीच. माझं टर्नटेबल साधं आहे, ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज आहे. दोष कुणाचा? – एक वाचक, कोल्हापूर

दोन प्रतींवर एकाच जागी फाटतंय, म्हणजे दोष बहुधा कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या डोक्याच्या, जुळणीचा आहे. हा प्रश्न सगळ्यांत जास्त पत्रांत आला, म्हणून जरा सविस्तर.

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, कुठेही कमी-जास्त नाही. पण बाहेरच्या कडेला, मध्यापासून १४६ मिलिमीटरवर, सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आत ६० मिलिमीटरवर ती जेमतेम २१ सेंटिमीटर उरते. १० हजार हर्ट्झच्या सुराची एक लाट बाहेर ०.०५१ मिलिमीटर जागा घेते आणि आत ०.०२१. गोल टोकाच्या स्वस्त सुईची त्रिज्याच ०.०१५ मिलिमीटरच्या घरात. एवढं जाड टोक एवढ्या आखूड वळणात मावत नाही. मग ‘स’ची सिसकारी होते आणि झांजेचा चुरा होतो.

त्यात या अल्बमची दुसरी बाजू साडेतेवीस मिनिटांच्या आसपास, पहिलीपेक्षा चारेक मिनिटं मोठी. आणि तिचा शेवट, म्हणजे ‘एक्लिप्स’च, अल्बममधला सर्वांत भरलेला भाग. जिथे खाच सर्वांत हळू सरकते तिथेच सगळे एकदम गातात. पहिल्या बाजूलाही तेच. तिच्या शेवटच्या गाण्यात गायिका क्लेअर टॉरीचा मोकळा, वर चढणारा आवाज आहे. म्हणून ही तबकडी कार्ट्रिजच्या जुळणीची परीक्षा घेते.

आता हातात काम घ्या. टर्नटेबल स्पिरिट लेव्हलने सपाट करा. सुई मऊ ब्रशने मागून पुढे झाडा, कधीही पुढून मागे नाही. अँटिस्केटिंग, म्हणजे आर्मची आत जाणारी ओढ तोलणारी कळ, शून्यावर आणा, सुईचं टोपण काढा आणि मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असा करा. तो ना वर जायला हवा ना खाली. आता वजन न हलवता फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा. मग वजन आणि कडी एकत्र फिरवून २.०वर न्या. तुमच्या कार्ट्रिजची मर्यादा १.८ ते २.२ ग्रॅम आहे आणि २.० हा कंपनीचाच आकडा. कडीवरच्या आकड्यांवर पूर्ण विश्वास नको. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सुईचा वजनकाटा स्वस्तात मिळतो, त्यावर ताडून पाहा. वजन कमी ठेवलं की तबकडी कमी झिजते, हा समज उलटा आहे. हलकी सुई खाचेच्या एका भिंतीवरून दुसरीवर आपटते आणि खाच त्यानेच खराब होते. मग अँटिस्केटिंगही २वर आणा.

वजन बरोबर असूनही फाटत असेल तर कार्ट्रिज तिरकं बसलं आहे. अलाइनमेंटचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिज सरळ बसलं का हे पाहायचा तक्ता, कागदावर छापून घ्या. छापताना ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद ठेवा आणि छापल्यावर त्यावरची १०० मिलिमीटरची रेघ पट्टीने मोजा. ९७ भरली तर तो कागद फेकून द्या. त्यावर मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर दोन जाळ्या असतात. दोन्ही जागी सुईचं टोक बिंदूवर टेकलं पाहिजे आणि कार्ट्रिजच्या बाजू जाळीच्या रेघांना समांतर दिसल्या पाहिजेत. कार्ट्रिजचे दोन स्क्रू अर्धवट सैल करून ते पुढे-मागे सरकवा, एका जागी जुळलं की दुसरी तपासा, बिघडलं की पुन्हा पहिली. अर्धा तास जाईल. घाई केली तर तो अर्धा तास वाया जातो.

एवढं करूनही सिसकारी उरली तर सुई बदला, कार्ट्रिज नव्हे. व्हीएम९५च्या त्याच अंगावर मायक्रोलिनियर टोकाची सुई, म्हणजे एमएलची, हाताने काढून-घालून बसते. ते टोक अरुंद आहे, आतल्या वळणांत शिरतं आणि कंपनीच्या हिशेबाने १,००० तास चालतं. तुमच्या व्हीएम९५ईच्या सुईचं आयुष्य ३०० तास, म्हणजे हा अल्बम साधारण चारशे वेळा. रोज दोन एल्पी ऐकणाऱ्याची सुई वर्षाच्या आतच संपते, आणि संपलेली सुई नव्या तबकडीला कायमची जखम करते.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधला पियानो डुलल्यासारखा वाटतो, आणि जागोजागी चटचटही आहे. परत करू का? – एक वाचक, ठाणे

दोन तक्रारी, दोन निकाल.

पियानोचं डुलणं धुऊन जाणार नाही. मधलं भोक मध्यावर नाही. खात्री करायची तर गाणं संपल्यावर सुई शेवटच्या खाचेत फिरत राहू द्या आणि कार्ट्रिजकडे बाजूने पाहा. ते दर फेऱ्याला, म्हणजे १.८ सेकंदाला एकदा, डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक सरकलेलं आहे. अर्ध्या मिलिमीटरची चूक बाहेरच्या कडेला वेगात ०.३४ टक्के चढउतार करते, आत ०.८३ टक्के. गिटारीत हे लपतं, पियानोच्या लांब ठेवलेल्या सुरात लपत नाही. झुलताना मोबाइलवर चित्रफीत काढा आणि विक्रेत्याला पाठवा. कानस घेऊन भोक मोठं करायचे उद्योग करू नका. तबकडी परत घेतली जाणार नाही.

चटचटीचं मात्र थांबून पाहा. नव्या तबकडीत कागदी पाकिटाचा भुरका आणि स्थिर वीज असतेच. तबकडी एकदा धुवा. डिस्टिल्ड पाणी चार भाग, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि लिटरमागे फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब. हात धुण्याचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन खाचेत बसतं. मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने, गोलाकार फिरवा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा पुसा आणि उभी ठेवून वाळवा. वाळली की जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका, पॉलिथिनच्या अस्तराचं नवं पाकीट वापरा.

धुऊनही एकाच बाजूच्या स्पीकरमधून ‘खर्र… खर्र…’ असा चेन ओढल्यासारखा आवाज दर फेऱ्याला येत असेल, तर दाबताना प्लास्टिक खाचेत पूर्ण भरलेलं नाही. तिरप्या उजेडात तिथे पांढुरके ठिपके दिसतात. ही तबकडी परतच करायची.

घरात नाट्यसंगीताच्या ७८च्या जुन्या तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण लावू नका. त्या लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

भावाने अमेरिकेहून बेल्टचं जुनं टर्नटेबल आणलं. ट्रान्सफॉर्मर लावूनही गाणी खाली सरकलेली वाजतात. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, आवर्तनं नाही. जुन्या एसी मोटरचा वेग विजेच्या आवर्तनांवर ठरतो. तिथे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. म्हणून ३३⅓चे २७.८ फेरे होतात आणि सूर तीन अर्धस्वर उतरतो. पांढरी चारचं गाणं पांढरी दोनच्या आसपास ऐकू येतं. त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळाली तर काम सोपं आहे, तिचा घेर मोठा असतो. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असतं, तर फक्त व्होल्टेज पाहावं लागलं असतं.

‘मूळ ॲनालॉग टेपवरून’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे मध्ये डिजिटल काहीच नाही ना? – एक वाचक, नागपूर

तसं नाही. ते शब्द फक्त सुरुवात सांगतात. टेप आणि कोरणारं यंत्र यांच्यामध्ये काय आहे, हे त्यांत येत नाही.

कोरताना दोन खाचांमधलं अंतर कमी-जास्त करावं लागतं. पुढे मोठा आवाज येणार असेल तर आधीच जागा सोडावी लागते, म्हणून यंत्राला येणारा आवाज फेराभर आधी कळायला हवा. जुनी पद्धत म्हणजे टेपयंत्रावर आधी ऐकणारं आणखी एक हेड. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून त्याऐवजी डिजिटल विलंबयंत्र आलं आणि ‘ॲनालॉग’ म्हणून विकल्या गेलेल्या कितीतरी तबकड्यांचा आवाज त्यातून गेला. २०२२मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीच्या अनेक तबकड्यांमध्ये डीएसडी या डिजिटल स्वरूपाचा टप्पा असल्याचं उघड झालं तेव्हा मोठं वादळ उठलं. खरेदीदाराला आधी सांगायला हवं होतं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण त्या तबकड्यांना वर्षानुवर्षं उत्तम म्हणणारे कान खोटे नव्हते. कोरणाऱ्याचा हात आणि त्याने वापरलेली टेप यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा या एका टप्प्याने पडत नाही. कोणी कोरली हे लिहिलेलं नसेल आणि नुसतं ‘ॲनालॉग’ लिहिलं असेल, तर ती तबकडी आम्ही मागे ठेवू.

वडिलांची भारतात छापलेली ‘डार्क साइड’ आहे. पावसाळ्यात वेष्टणाला बुरशी लागली, तबकडीवरही पांढरे डाग आहेत. टाकून नवी घेऊ का? – एक वाचक, मडगाव

टाकू नका. बुरशी प्लास्टिक खात नाही, त्यावरच्या बोटांच्या तेलकट डागांवर आणि धुळीवर वाढते. नाकाला मास्क बांधून, घराबाहेर, वर दिलेल्या मिश्रणाने तबकडी दोनदा धुवा. आतलं कागदी पाकीट फेका. वेष्टण कोरड्या ब्रशने झाडून सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस उघडं ठेवा. उन्हात नको. तबकडी तर उन्हात अजिबात नको, बंद गाडीत ती दुपारभरात वाकते.

धुतल्यावर आधी नव्या सुईने ‘टाइम’ची सुरुवात ऐका. ती घड्याळं अल्बमचा ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती. घंटा सुट्या आणि टोकदार ऐकू आल्या तर खाच शाबूत आहे. त्या एकात एक मिसळून खरखरल्या, तर तबकडी पूर्वी रेडिओग्रामच्या जड सुईखाली गेली आहे. ती झीज कशानेच भरून येत नाही. अशा वेळी ऐकायला नवी घ्या आणि वडिलांची जपून ठेवा.

ठेवताना उभी, भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून वर. बाहेरचं आवरण पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. मऊ, वास येणारं पीव्हीसीचं आवरण वर्षानुवर्षं राहिलं तर तबकडीवर धुरकट पट्टा उमटवतं. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ६० टक्क्यांच्या वर गेला की पुड्या बदला. निळे दाणे गुलाबी झाले असतील तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवले की ते पुन्हा कामाला येतात. स्वयंपाकाचा ओव्हन मात्र त्यासाठी वापरू नका, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं.